व्हॅलोरंट : सोबत्यासाठी खेळायला लावणारा खेळ

रायट गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘व्हॅलोरंट’ हा पाच विरुद्ध पाच खेळाडूंचा नेमबाजीचा खेळ लातूर-नांदेडकडच्या गेमिंग कॅफेत बसणाऱ्या मुलांना मी आग्रहाने सुचवेन, कारण एकट्याच्या पराक्रमावर तो फार काळ जिंकता येत नाही. खेळातले पैसे, म्हणजे क्रेडिट, संपलेला गडी फेरीच्या आरंभी २९०० क्रेडिटच्या व्हँडल बंदुकीची मागणी नोंदवतो आणि गाठीला शिल्लक असलेला सोबती ती विकत घेऊन त्याला देतो. स्वतःची शिल्लक जपत बसणाऱ्याचा संघ पुढच्या चकमकीत दुबळा पडतो. स्पाइक, म्हणजे विरोधी संघाने पेरलेला बॉम्ब, निकामी करायला ७ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ हात अडकलेले असल्याने, कोणीतरी पाठीशी उभे राहून वाट रोखून धरावीच लागते.

सामन्याअखेरचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र मुख्यतः मारलेल्या गड्यांवर आणि केलेल्या इजेवर ठरतो, हे मला मनापासून खटकते. धुराचा पडदा टाकणारा ओमेन किंवा जखमींना सावरणारी सेज या पात्रांकडून खेळणाऱ्यांचे श्रम त्यात पुरेसे दिसत नाहीत, आणि कोवळ्या वयातील मुले तोच आकडा मिरवतात.

शक्यतो ओळखीचे पाच जण जमवूनच खेळावे. हेडफोनवर ‘बी साइटला (बॉम्ब पेरण्याच्या एका जागी) दोघं हैत, थांब’ एवढे वेळेवर सांगणारा सोबती अचूक नेमबाजापेक्षा अधिक मोलाचा ठरतो. खेळ मोफत आहे. केवळ शोभेची सामग्री महाग असून ती घेतल्याने ताकद वाढत नाही.