झिग वापरल्यावर: सगळं पटलं, एक सोडून

झिग या प्रोग्रामिंग भाषेच्या ०.१४ आवृत्तीवरून ०.१५ वर आलो आणि चालता प्रोग्राम कंपाइलच होईना. मजकूर बाहेर लिहिणारा रायटर बदलला; मजकूर तात्पुरता साठवायचा बफर आपण द्यायचा, शेवटी तो बाहेर ढकलायचा फ्लशही आपणच करायचा. २०१६ पासून भाषा लोकांपुढे आहे, १.० अजून नाही, तेव्हा मोडतोड होणारच. तरी रविवार गेला तो गेलाच. झिप वेगळ्या फोल्डरमध्ये उघडली की दोन्ही आवृत्त्या नांदतात, म्हणून दुकानातलं काम जुन्यावरच ठेवलंय.

काम म्हणजे काकांच्या दादरच्या दुकानात मसाल्याची लेबलं छापणं. मशीन म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून उचललेला जुना रास्पबेरी पाय, तळहाताएवढा संगणक. घरच्या विंडोज लॅपटॉपवर टार्गेटला एआरएम लिनक्स (पायची चिप आणि सिस्टिम) लिहायचं, तयार झालेली बायनरी पेनड्राइव्हवर टाकायची, चालते. त्यासाठी कंपायलर वगैरेंची वेगळी टूलचेन नाही, खर्च शून्य. इथे मी खूश.

मराठी नावांनी छळलं. मजकुरासाठी स्ट्रिंग असा टाइपच नाही, नुसते यू८, म्हणजे ८ बिटांचे बाइट. ‘मिरची’ची लांबी १५ येते, कोडपॉइंट (युनिकोडची चिन्हं, काना-मात्रा वेगळ्या धरून) मोजले तर ५, आणि लेबलावर दिसतात ३ अक्षरं. वजनाचा रकाना सरळ येईना. शेवटी काना-मात्रा वगळून मोजणारं फंक्शन स्वतः लिहिलं.

मेमरी लागेल तिथे ती देणारा अ‍ॅलोकेटर हातोहात द्यायचा, हे आधी कटकटीचं वाटायचं. आता नाही वाटत. वाण्याच्या बिलासारखं कुठे किती गेलं ते ओळीओळीला दिसतं. मेमरी घेतली की लगेच खाली डिफर (ब्लॉक संपताना चालणारी ओळ) लावून परतीची सोय. एकदा डीबग अ‍ॅलोकेटरने प्रोग्राम बंद होताना लीक, म्हणजे परत न केलेली मेमरी, दाखवला, कुठल्या ओळीवर मेमरी घेतली तेही सांगितलं. दिवसभर चालू राहणाऱ्या प्रोग्रामला हे सोन्यासारखं.

पण खरं दुखणं पुढेच आहे. न वापरलेलं लोकल व्हेरिएबल म्हणजे वॉर्निंग नाही, थेट एरर! बग शोधताना एक ओळ कमेंट करून बंद केली की तिला लागणारा वरचा कॉन्स्ट (न बदलणारी किंमत) बिनकामाचा. तो कमेंट केला की त्याच्या वरचा. मग ‘अंडरस्कोर इज इक्वल टू अमुक’, म्हणजे हे मुद्दाम टाकून देतोय, असं लिहून समजूत काढा. मूळ ओळ परत चालू केली की तोच अंडरस्कोर ‘पॉइंटलेस डिस्कार्ड’ म्हणून एरर! व्हार (बदलू शकणारं व्हेरिएबल) लिहून किंमत बदलली नाही तरी अडवणूक. ठाणे लोकलमध्ये नशिबाने खिडकी मिळते, आणि कुर्ला येईपर्यंत मी अंडरस्कोरच टाकत-पुसत बसतो. चुका शोधताना करतो त्या डीबग बिल्डपुरती तरी सूट द्या की!

एडिटरला झिग समजावणाऱ्या झेडएलएसला सांगितलं तर ते सेव्ह करताना हे अंडरस्कोर आपोआप टाकतं. टाकून पाहिलं, बंद केलं. खरोखर विसरलेलं व्हेरिएबलही ते तसंच गुपचूप झाकतं, मग हा नियम ठेवलाय कशाला?