क्लिपांचा स्टीलचा डबा : दिवाळी ते पोळा, दहा महिने वापरून

मागच्या दिवाळीच्या तोंडावर दारव्ह्याच्या बाजारातून पाच लिटरचा स्टीलचा डबा आणला. झाकणाला आतून सिलिकॉनची पांढरी रिंग, चार बाजूंनी क्लिपा. त्याआधी आमचा फराळ तेलाच्या जुन्या पिप्यात राहायचा, झाकणाखाली फडकं घालून. आता पोळाही होऊन गेला, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीत तक्रारीला जागाच नव्हती. चकल्या, शेव, शंकरपाळे महिनाभर जसेच्या तसे. पण आमच्याकडे थंडीत हवा कोरडीच, तेव्हा पिप्यातही टिकलंच असतं. त्या महिन्याचे मार्क मी डब्याला देत नाही.

खरी गंमत वैशाखात झाली. नणंदेच्या रुखवतासाठी करंज्या आणि शंकरपाळे तीन आठवडे आधीच तळले. घरात पाहुणे, म्हणून डबा ठेवला टिनाच्या खोलीत. बाहेर पारा ४५ ला, टिनाखाली त्याहून वर. लग्नाला चार दिवस उरले तेव्हा उघडला. शंकरपाळा दाताखाली कुडुम वाजला, मी खूश! सासूबाईंनी मात्र करंजी मोडली, सारण तळव्यावर घेऊन चोळलं आणि नाकाशी नेलं. "वाजते म्हनून ताजं हाय काय? नाकाले इचार, दाताले नको इचारू." मीही हुंगून पाहिलं. बाटलीच्या तळाशी राहून गेलेल्या जवसाच्या तेलासारखा वास. खोबरं खवट झालं होतं. सगळं पुन्हा करावं लागलं, तेही मे महिन्यात चुलीसमोर बसून.

दोष डब्याचा म्हणाल तर अर्धाच. डबा बाहेरची ओल अडवतो, पण आत कोंडलेली हवा आणि वरून उष्णता, एवढं तेलाला बिघडायला पुरतं. चिप्सच्या पाकिटात हवेच्या जागी नायट्रोजन भरतात तो याचसाठी. शिवाय आमचे शेवटचे घाणे आदल्या दिवशीच्या उरलेल्या तेलातले होते, हे कबूल करते. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की बिघडून त्यात जे ध्रुवीय घटक वाढतात, त्यांना आपल्याकडे २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे म्हणे, पण ते मोजायचं यंत्र घरी कोणाकडे असतं? आम्ही फेस आणि धूर बघून तेल काढून टाकतो.

पावसाळ्यात नेमकं उलटं. पोरं दिवसातून दहादा झाकण उघडणार आणि क्लिपा तशाच सोडून पळणार. पोळ्याच्या चकल्या चौथ्या दिवशी सादळल्या, पण वास एकदम स्वच्छ. तव्यावर मंद आचेवर पाच मिनिटं ठेवल्या, गार झाल्या की पुन्हा कडक. सादळलेलं असं परत आणता येतं, खवट झालेलं नाही. त्यामुळे मऊ लागलं म्हणून फेकू नका, आधी हुंगा.

एक चूक माझीही. पहिल्याच घाण्याच्या कोमट करंज्या घाईत भरल्या, सकाळी झाकणाला आतून थेंब लटकलेले. पिप्याच्या फटीतून वाफ निघून जायची, इथे जायला वाटच नाही. आता सुती कापडावर पसरून पूर्ण गार करते. पूर्वी खाली पेपर घालायचो. २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने शाईमुळे नको म्हटलं होतं, तरी आमच्याकडे तो यंदाच बंद झाला.

डब्याच्या खऱ्या तक्रारी दोन. रिंग तेलाचा वास धरून ठेवते. वैशाखातला वास जायला खाण्याचा सोडा लावून दोन दिवस उन्हात ठेवावी लागली. आणि ज्येष्ठात एक क्लिप तुटली. दुकानदार म्हणतो, सुटी मिळत नाही, नवा डबा घ्या. त्या कोपऱ्यावर आता मी वरवंटा ठेवते.

पावसाळ्यासाठी डबा घेण्यासारखा आहे. फक्त पाच लिटरचा एक नको, छोटे दोन घ्या. माझा अर्धा रिकामा होतो आणि उरलेल्या जागेत हवाच भरते.