निळी बाटली आणि माझे ३५,६५० रुपये : मरीन टँक ठेवणाऱ्या नाशिककरांनी वाचाच

३५,६५० रुपये. टँकमधलं शेवाळ घालवायचं औषध म्हणून एकाने मला फसवून घेतलेला हा आकडा आधीच लिहून टाकते. सासूबाईंना अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, पण आपण लाजेने गप्प बसतो म्हणूनच अशा माणसांचं फावतं.

गंगापूर रोडला आमच्या हॉलमध्ये तीन फुटी मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांचा, टँक आहे, साधारण २०० लिटरचा. क्लाऊनफिशची जोडी, दोन क्लीनर श्रिंप (कोळंबी), नऊ टर्बो गोगलगाई, पाच हर्मिट खेकडे. मे महिन्यात दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ धरलं, ज्याला आपण हेअर अल्गी म्हणतो. दर रविवारी टूथब्रशने घासायचे, नळीने ओढून काढायचे, पुढच्या रविवारी पुन्हा तितकंच. कारण माझंच होतं. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी भरत होते, त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ५५ च्या पुढे. पाणी उडतं, त्यातलं नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, टँकमध्येच साचतं. वर दोन वेळा फ्रोझन खाणं आणि दहा तास लाइट. यातलं निम्मं मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मुलीचं दहावीचं वर्ष, ऑफिसात ऑडिट, हे महिनाभर बाहेरगावी. कुणीतरी जाणता माणूस घरी येऊन बघून जाईल, एवढीच अपेक्षा होती. यात माझा काय गुन्हा?

शहरातल्या छंदवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने नंबर दिला. नंतर कळलं की नंबर देणारा त्याचाच मित्र. माणूस आला, बोलायला अगदी गोड, दर वाक्याला 'ताई'. तपासणीचे १,२०० रुपये. टेस्ट ट्यूबमध्ये थेंब टाकले, हलवली, अर्ध्या मिनिटात म्हणाला, "फॉस्फेट फार वाढलंय." तोच किट माझ्या कपाटात आहे. रंग पूर्ण यायला काही मिनिटं थांबा, असं त्याच्या कागदावर छापलंय. मी बघत होते आणि बोलले नाही. तुमच्यासमोर कुणी टेस्ट करत असेल तर घड्याळ लावा.

मग त्याने बाटली काढली. अर्धा लिटर, वर घरच्या प्रिंटरवर काढल्यासारखं लेबल, घटक कुठेच नाहीत. किंमत २,६५०, आणि 'कोर्स' तीन बाटल्यांचा. झाकणात ओतताना दोन थेंब ओट्याच्या पांढऱ्या फरशीवर पडले.

निळे. तो निळा.

मी निफाड तालुक्यातली. वडिलांची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगाची भीती आली की घरी बोर्डो या फवारणीच्या मिश्रणाची तयारी व्हायची : एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचं नाही, प्लास्टिकच्या पिंपात लाकडी दांड्याने ढवळायचं, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. तो दांडा मीच धरायचे. दिवाळीच्या सुट्टीत नखांच्या कडा निळ्या असायच्या. आणि त्या दिवशी माझ्याच ओट्यावर तोच रंग पडलेला असताना मी फक्त एवढंच म्हणाले, "निळं आहे हो." तो म्हणाला, "एन्झाइमचा रंग आहे ताई, इम्पोर्टेड." आणि मी मान डोलावली! फडक्याने पुसून घेतलं. ते पुसणं आठवलं की आजही झोप लागत नाही. रंग मला कळला होता. परक्या माणसाच्या तोंडावर त्याला खोटं ठरवायचा संकोच आड आला.

सहा दिवसांत शेवाळ पांढरं पडून गळायला लागलं. म्हणून तर विश्वास बसला. दुसऱ्या दिवशीच दोन गोगलगाई उताण्या पडल्या होत्या, त्याला फोन केला. "शेवाळ मरताना ऑक्सिजन कमी होतो, नॉर्मल आहे, दुसरा डोस टाका." हे ऐकायला इतकं पटण्यासारखं आहे, कारण शेवाळ कुजताना ऑक्सिजन खरंच घटतो. मी दुसरा डोस टाकला. स्वतःच्या हाताने.

याच आनंदात त्याने आरओ-डीआय युनिट, यूव्ही आणि रिॲक्टर अशी पाणी शुद्ध करायची यंत्रं बसवायचा 'कायमचा इलाज' सुचवला, आगाऊ २६,५००. मी यूपीआयने पाठवले. पावती व्हॉट्सॲपवर, 'रिसीव्ह्ड' एवढीच. आगाऊ पैसे देऊच नका. वस्तू दारात आल्याशिवाय आणि जीएसटी नंबरचं बिल हातात पडल्याशिवाय एक रुपया नाही.

आठव्या दिवशी दोन्ही श्रिंप गेले. दहाव्यापर्यंत सगळ्या गोगलगाई आणि खेकडे. क्लाऊनफिश वाचले, आणि तिथेच माझी ट्यूब पेटली. मासे थोडं तांबं सोसतात, व्हाइट स्पॉट या माशांच्या रोगावर वेगळ्या टँकमध्ये मोजून तांब्याचंच औषध देतात. श्रिंप-गोगलगाईंना मात्र ते विष. भावाला बोलावलं. त्याने वडिलांची जुनी परीक्षा केली. बोर्डोत चुना कमी पडला की नाही, हे बघायला चकचकीत विळा बुडवतात, तांबूस थर चढला तर चुना कमी. त्याने बाटलीत घासलेला खिळा बुडवला. दोन मिनिटांत लालसर. तांबं! कृषी दुकानात काही शे रुपयांत किलोभर मिळणारं मोरचूद मला ७,९५० ला विकलं.

दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात, हळूहळू सोडत राहतात. पुन्हा त्यात श्रिंप ठेवायची हिंमत नाही, म्हणून ११,००० ची दगड-वाळू टाकून दिली. मेलेले जीव ७,४०० चे. म्हणजे एकूण ५४,०५०. त्याचा फोन तोवर बंद.

आता पुढचं. पोलीस ठाण्यात अडीच तास बाकावर. मग, "मासे मेले म्हणून आलात?" मी म्हटलं, मासे जिवंत आहेत, पैसे गेलेत. "पैसे तुम्हीच पाठवले ना? दिवाणी मामला आहे." दुसऱ्याने विचारलं, हे प्राणी घरी ठेवायला परवानगी आहे का. जणू आरोपी मीच. मी सांगितलं, प्रवाळ माझ्याकडे नाहीत, खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत हे मला माहीत आहे म्हणूनच नाहीत. ऐकून घेतलं आणि मोबाइलमध्ये बघू लागला. शेवटी म्हणाले, बाटलीत काय आहे याचा रिपोर्ट आणा. प्रयोगशाळेत गेले तर, "असं द्रव तपासायला पोलिसांचं पत्र लागेल." परत ठाण्यात. "रिपोर्ट आल्याशिवाय पत्र कसलं?" चार फेऱ्या, तीन अर्ध्या रजा. बँकेत उत्तर तयारच होतं : व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय. हो, केलाय! पिन मी टाकला म्हणून माल न देणारा माणूस साधू होतो का? लाखाच्या आतली फसवणूक म्हणजे यांच्या लेखी फसवणूकच नाही. माझ्या दोन महिन्यांच्या बचतीला कुणी कागदावर घ्यायलाही तयार नाही.

जे मला उशिरा कळलं ते तुम्ही पहिल्याच दिवशी करा. पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मी एकोणीस दिवस त्या माणसाची वाट बघत बसले. ठाण्यात घेतलं नाही तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते, पोचपावती जपून ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, ते अर्जात लिहा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझा अर्ज तिथे तयार होतोय, चॅट आणि यूपीआयचे तपशील छापून लावलेत.

आणि शेवाळासाठी : घटक न छापलेलं काहीही टँकमध्ये ओतू नका. निळं दिसलं तर खिळा बुडवा. मी आता टीडीएस शून्य आलेलंच पाणी भरते, खाणं एक वेळ, लाइट सहा तास. शेवाळ कमी आहे, हाताने निघतं.

तिसरी बाटली माझ्याकडे न उघडलेली आहे, तारीख लिहून कपाटात. तुमच्यापैकी कुणाला अशी विकली असेल तर बेसिनमध्ये ओतून टाकू नका, आणि रागाने फेकूनही देऊ नका. माझ्याकडे एक आहे. अजून दोन-तीन जमल्या तर ठाण्यात आम्ही एकत्र जाऊ.