फॉल्स सीलिंगसोबतचं ‘लायटिंग पॅकेज’: काय ठेवावं, काय बदलून घ्यावं

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, कुठेही नवा फ्लॅट सजवायला काढा, सीलिंगवाल्याचं कोटेशन जवळपास सारखंच येतं. जिप्सम किंवा पीओपी, चारी बाजूंनी कोव्ह (दिवा दडवायची कडेची खाच), हॉलला आठ पॅनेल (सीलिंगमध्ये बसणारे चपटे दिवे), बेडरूमला चार-चार, रंगीत स्ट्रिप (एलईडीची पट्टी) आणि मधोमध झुंबराचा पॉइंट. दर चौरस फुटावर, लाइट ‘त्यातच आले’. हा रिव्ह्यू कुण्या एका दुकानाचा नाही, या तयार पॅकेजचा आहे. सीलिंगचं काम आणि वायरिंग यात बहुधा ठीकच मिळतं. दिवे कोणते आणि कुठे, यात मात्र गडबड असते, कारण ते नकाशावरची चौकट भरायला बसवलेले असतात. खाली कोण बसणार, काय करणार, हे कुणी विचारलेलंच नसतं.

आधी संख्या पाहू. १२ बाय १४ फुटांचा हॉल म्हणजे साधारण १५.६ चौरस मीटर. बसण्या-बोलण्याला १०० ते १५० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरतात. दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश खाली पोचत नाही, काही भिंती खातात, काही धूळ अडवते. फिक्या रंगाच्या खोलीत निम्मा हाती लागतो असं धरलं, तर १५० लक्ससाठी सुमारे ४,७०० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) हवेत. १२ वॅटचं बऱ्यापैकी पॅनेल हजार-अकराशे लुमेन देतं. म्हणजे चार-पाच पॅनेलांत काम भागतं. आठ लावली की लक्सचा आकडा २५०च्या पुढे जातो, वर कोव्हचा उजेड वेगळा. मग घरातली माणसं पॅनेल बंद ठेवून नुसत्या स्ट्रिपवर बसतात. पैसे आठांचे, वापर शून्य.

पॅनेलचा दुसरा दोष चकाकीचा. त्याचा पूर्ण चेहरा उजळतो, त्यामुळे सोफ्यावर रेललं की डोळ्यांत तेच येतं. तिथे खोल बसवलेला सीओबी (झोत टाकणारा छोटा एलईडी दिवा) घ्यावा, ज्यात उगम आत दडलेला असतो. सीओबीत झोताचा कोन विचारायचा. दिव्याच्या २ मीटर खाली ३६ अंशांचा झोत साधारण १.३ मीटर रुंद पडतो, २४ अंशांचा ८५ सेंटीमीटर. फ्रेमसाठी किंवा देवघरासाठी २४ ठीक, टीपॉयवर ३६. भिंत उजळायची तर दिवा भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर हवा. पॅकेजमध्ये तो सीलिंगच्या पट्टीच्या मधोमध, म्हणजे भिंतीपासून सात-आठ इंचांवर येतो. मग भिंतीवर कमानी उमटतात आणि पुट्टीतली एकूण एक लाट उघडी पडते. दोष पेंटरच्या माथी, चूक दिव्यासाठी भलत्या जागी पाडलेल्या भोकाची.

रंगाचं प्रकरण याहून मोठं आहे. सोलापुरात अजून ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढराशुभ्र उजेड म्हणजेच ‘भरपूर उजेड’ अशी समजूत आहे. बेडरूम आणि हॉलला ३०००, ओटा आणि अभ्यासाच्या टेबलाला ४००० घ्या. पण केल्विनपेक्षाही सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १००पैकी आकडा, पाहा, आणि तो पॅकेजच्या कोटेशनवर कधीच लिहिलेला नसतो. ८०चा दिवा ‘चालतो’, मात्र त्यात लाल रंगाचा आर९ हा वेगळा आकडा शून्याजवळही असू शकतो. अशा दिव्याखाली शेंगाचटणी मातकट दिसते आणि मरून रंगाची चादर तपकिरी. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक घडी उचलून दाराशी नेऊन पाहतं, ते उगाच नाही. स्वयंपाकघर, आरसा, कपाट आणि देवघर या चार जागी ९०चा सीआरआय मागून घ्या. बाकी घराला ८० पुरे.

पॅकेजमधली ‘थ्री-इन-वन’ पॅनेलं कागदावर आकर्षक वाटतात: बटण बंद-चालू केलं की रंग बदलतो. वीज क्षणभर जाऊन आली की एक पॅनेल पिवळं, तीन पांढरी, अशी फूट पडते. बरीचशी मॉडेलं थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा एका रंगावर येतात, पण रोज हा उद्योग कोण करणार? एकाच रंगाची घ्यावी.

कोव्ह हा पॅकेजचा सगळ्यात दिसणारा आणि सगळ्यात ढिसाळ भाग. स्ट्रिप आणि वरच्या छतात किमान सहा इंच हवेत. तीन इंच ठेवले की छतभर पसरायच्या ऐवजी कडेला एक झगझगीत रेघ उठते. थेट २३० व्होल्टची जाड प्लास्टिकची दोरीवजा स्ट्रिप स्वस्त पडते, पण ती लुकलुकते आणि तिचं आवरण काही वर्षांत पिवळं होतं. २४ व्होल्टची, मीटरला किमान १२० एलईडींची स्ट्रिप ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये (खोबणीच्या पट्टीत) बसवा. वर सांगितलेल्या हॉलला कोव्हची लांबी साडेतेरा मीटरच्या आसपास भरते. वायरमन ती सलग एका टोकाकडून जोडतो आणि दुसरं टोक मंद पडतं. साडेचार-साडेचार मीटरचे तीन तुकडे करून प्रत्येकाला ड्रायव्हरपासून (घरची वीज एलईडीजोगी करून देणाऱ्या डबीपासून) स्वतंत्र वायर द्यायची. मीटरला १४ वॅटची स्ट्रिप असेल तर एका तुकड्याला ६३ वॅट. ड्रायव्हर ८० टक्क्यांवरच चालवायचा, म्हणून तो ८० वॅट किंवा वरचा.

ड्रायव्हर ठेवायचा कुठे, यावर सगळं आयुष्य अवलंबून. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ला टेकतो, आणि वरच्या मजल्यावर गच्चीच्या स्लॅबखाली, सीलिंगच्या पोकळीत त्याहून जास्त तापतं. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. ‘एलईडी टिकत नाही’ म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा एलईडी शाबूत असतो, ड्रायव्हर गेलेला असतो. तो लॉफ्टमध्ये किंवा कपाटाच्या माथ्यावर, हात पोचेल अशा जागी ठेवा. आयएसआय ठशाऐवजी ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधायचा.

पॅकेज ओट्याला स्वयंपाकघराच्या मधोमधच्या एका पॅनेलवर सोडून देतं. उजेड पाठीमागून येतो आणि चिरताना आपलीच सावली पाटावर. वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला प्रोफाइल स्ट्रिप लावली की ओट्यावर ३०० लक्स सहज मिळतात. मागच्या कडेला लावली तर टाइल चमकते, भाजी अंधारात राहते. आरशालाही तसंच: वर एक दिवा म्हणजे डोळ्यांखाली सावल्या, दोन्ही बाजूंनी चेहऱ्याच्या उंचीवर दोन दिवे म्हणजे दाढी नीट.

बेडरूममध्ये टू-वे स्विच (एकच दिवा दोन जागांवरून चालवणारा) जवळपास नसतोच. तो आणि कोव्ह, पॅनेल, स्पॉट यांची वेगळी बटणं, हे प्लास्टरआधीच सांगावं लागतं. नंतर भिंत फोडायला कुणी तयार होत नाही.

एकूण, सीलिंग आणि वायरिंग या पॅकेजमधून घ्या, फिटिंग, म्हणजे दिवे, वगळून दर मागा. बरेच जण कुरकुरत का होईना देतात. ताबा घेताना मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ लावून प्रत्येक दिव्यावर धरा. पट्ट्या धावताना दिसल्या, म्हणजे दिवा लुकलुकतोय, तर ते फिटिंग तिथेच परत करा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.