२०११ च्या जनगणनेचे टेबल्स, मुंबईत काम करणाऱ्यांसाठी: रिव्ह्यू

सेवा: जनगणनेच्या सरकारी साइटवरचे टेबल्स
किंमत: फुकट
रेटिंग: माहितीला साडेचार स्टार, ताजेपणाला एक

आमचा कुर्ला-चेंबूर भागात छोटा ग्रुप आहे, वस्तीत अंगणवाडी, दवाखाना, पाणी अशा मागण्या घेऊन आम्ही वॉर्ड ऑफिसला जातो. तिथे नुसतं "साहेब, लोक खूप आहेत" म्हणून काही होत नाही कारण निकषच डोक्यांवर ठरलेत, शहरात साधारण ५० हजार लोकांमागे एक आरोग्य केंद्र आणि ४०० ते ८०० लोकांमागे एक अंगणवाडी. म्हणजे आकडा हातात नसेल तर अर्ज लिहायला बसायचंच नाही.

सुरुवात पीसीए (प्रायमरी सेन्सस ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे जनगणनेचा मूळ गोषवारा) नावाच्या फाइलपासून करा. त्यात वॉर्डाप्रमाणे कुटुंबं, बायका-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, साक्षर, कामगार सगळं एका ओळीत मिळतं, एक्सेल येत असलेल्या कुणालाही जमेल. २०११ ला पी नॉर्थमध्ये म्हणजे मालाडकडे नऊ लाखांच्या वर लोक आणि बी वॉर्डात, डोंगरीकडे, जेमतेम सव्वा लाख, तरी तेव्हा दोन्हीकडे वॉर्ड ऑफिस एकेकच, हे बघितल्यावर पुढची भांडणं समजायला लागतात. शहर जिल्हा २००१ ला ३३.३८ लाख होता तो ३०.८५ लाखांवर आला, आणि उपनगर ८६.४० वरून ९३.५७ लाखांवर गेलं. गिरणगाव रिकामं होताना आपण सगळ्यांनी बघितलंय, पण बजेटमध्ये बोलायला हीच ओळ कामी येते.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचे वाटतात ते घरांचे टेबल्स. मुंबईतली निम्म्याहून जास्त कुटुंबं एका खोलीत राहतात हे तिथेच दिसतं, आणि तिथेच ४.८ लाखांच्या आसपास "रिकामी" घरं पण दिसतात. हा दुसरा आकडा भाषणात सर्रास रिकामे फ्लॅट म्हणून वापरतात, तसं करू नका प्लीज, जनगणनेत घर म्हणजे वेगळा दरवाजा असलेली कुठलीही जागा, त्यात गाळा येतो, गोडाऊन येतं. समोरच्या इंजिनिअरला हे माहीत असलं की तुमचा अख्खा अर्ज बाद. बी-२८ पण बघाच, कामाची जागा घरापासून किती लांब आणि लोक कशाने जातात ते त्यात आहे, चालत, बसने, ट्रेनने. लोकलच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी हे टेबल पाठच केलं पाहिजे.

आता या आकड्यांचं वय. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली ती गेलीच, आणि नवीन आकडे येईपर्यंत सगळं त्याच जुन्या आकड्यांवर चालू आहे. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची निवडणूक झाली, २२७ प्रभाग, लोकसंख्या २०११ ची. रेशनचा २०१३ चा कायदा, महाराष्ट्राचा कोटा ७ कोटी लोकांच्या आसपास, तोही २०११ वरच. नंतर जन्मलेली, नंतर आलेली माणसं हिशोबातच नाहीत आणि एखाद्या बाईला कोटा भरलाय म्हणून परत पाठवतात तेव्हा मला खरंच त्रास होतो. मिळायलाही उशीर, २०११ चे भाषेचे आकडे २०१८ ला आले, स्थलांतराचे २०१९ ला. इंग्लंड-वेल्सने मार्च २०२१ ला मोजणी केली आणि जून २०२२ ला पहिले निकाल लावले, शिवाय तिकडे साइटवर आपल्याला हवं ते टेबल स्वतः बनवता येतं. डेन्मार्क तर १९८१ पासून दारोदार जातच नाही, सरकारी नोंदींमधूनच मोजतात. ते आपल्याकडे लगेच जमणार नाही, इथे माणूस राहतो गोवंडीत आणि कागद सगळे गावाकडचे.

काही जण म्हणतात की एनएफएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे वापरा, आपल्या देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्थाच करते तो सर्व्हे. खूप चांगला आहे, पण नमुना सर्व्हे आहे, जिल्ह्यापर्यंत सांगतो, तुमच्या वॉर्डाचं त्यात काही मिळणार नाही.

नवीन मोजणीत घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये आणि माणसांची गणती १ मार्च २०२७ च्या हिशोबाने, जातीसकट, मोबाइल ॲपवर, स्वतः ऑनलाइन भरायचीही सोय आहे. घरयादीत ३३ प्रश्न आहेत, पाणी कुठून येतं, संडास स्वतःचा की सार्वजनिक, खोल्या किती. भाड्याने राहणाऱ्यांनो, मालक काय म्हणेल म्हणून माणसं कमी सांगू नका, १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ही नोंद कुणाला बघता येत नाही आणि तुमच्याविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही.