सातबारा कोरा, पण आभाळातला

यंदा आमच्या फीडरला थ्री फेज रात्री साडेबाराला येते. तोवर विहिरीवर बसायचं, हरभऱ्यात रानडुकरं शिरली तर बॅटरी मारायची. दारव्हा तालुक्यातल्या अशा जागलीत दोन हिवाळे मी स्कायसर्व्हर वापरतोय. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश-पाहणीची वेबसाइट, फुकट. नुसतं पाहायला खातंही काढावं लागत नाही.

माल अस्सल आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंट वेधशाळेच्या अडीच मीटर दुर्बिणीनं २००० पासून जमवलेलं आकाश. सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या तबकडीला नेमक्या जागी ६४० भोकं पाडून एकेका भोकात हातानं प्रकाश वाहून नेणारं फायबर खोचत. म्हणजे सरकी डोबायचंच काम, बाप्पा!

आभाळाच्या चित्रातला ठिपका दाबला की, नोंद असेल तर, त्याचा वर्णपट उघडतो, म्हणजे त्याच्या प्रकाशाची रंगवार फोड, तीत ठरावीक जागी रेषा. रेषा लालकडे किती सरकल्या, त्यावरून दीर्घिकेचं अंतर निघतं. मला नाद लागला तो बिनरेषेच्या वर्णपटांचा, बीएल लॅक म्हणतात त्यांचा. कृष्णविवराजवळून निघालेला झोत थेट आपल्या दिशेनं असतो, त्याच्या झगमगाटात रेषा बुडून जातात. सातबारा कोरा! आपला कोरा झाला तर पेढे वाटू, पण इथं कोरा म्हणजे मालक कोण अन् गाव किती दूर, काहीच कळत नाही. यांतला पहिला, बीएल लॅसर्टी, १९२९ मध्ये हॉफमायस्टर या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं चक्क बदलता तारा म्हणून नोंदवला होता. तो रेडिओ लहरी फेकतो हे १९६८ मध्ये उमगलं. १९७४ मध्ये ओक आणि गन या खगोलशास्त्रज्ञांनी मधला उजेड झाकून कडेचा अंधूक प्रकाश तपासला, तेव्हा कुठं अंतर सापडलं.

पहिल्याच कोऱ्या वर्णपटाला मी फसलो. रेषा नसल्या तरी कॉम्प्युटर आपल्या परीनं सरकण्याचा आकडा, म्हणजे ‘झेड’, लावतोच. शेजारी ‘झेड वॉर्निंग’चा, म्हणजे या आकड्यावर भरवसा नको अशा इशाऱ्याचा रकाना असतो, तो मी पाहिलाच नाही. धाकट्या भावाला अंतर छातीठोक सांगून मोकळा! दुसऱ्या रात्री पाहतो तर इशारा तिथंच लिहिलेला. काही श्वेतबटूंचे, म्हणजे विझत आलेल्या लहान ताऱ्यांचे वर्णपटही असेच सपाट असतात. म्हणून त्याच पानावरच्या रेडिओ आणि क्ष-किरणांच्या नोंदी बघायच्या, ठिपका वर्षानुवर्षांत जागचा हलतो का तेही. हलला तर तो आपल्याच आकाशगंगेतला.

माझ्या फोनवर तक्ते डावी-उजवीकडे ओढत बसावं लागतं, जमलं तर कॉम्प्युटरवर उघडा. सगळं इंग्रजीत आहे. एसक्यूएलचे, म्हणजे नोंदींच्या साठ्यातून हवं ते मागायच्या भाषेचे धडे साइटवरच आहेत. मला ‘सिलेक्ट’, ‘व्हेअर’ यायला तुरीचा हंगाम गेला. नेटवर्क विहिरीवर एक कांडी, मचाणावर दोन.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला मराठी नाही म्हणून. काल एक छान कोरा सापडला, रेडिओची नोंदही होती, क्ष-किरणांचं पाहणार तेवढ्यात मोटार सुरू झाली. स्प्रिंकलरचे पाइप उचलायला गेलो.