एएसी ब्लॉकच्या घरात राहून झाल्यावर: बाकी ठीक, पण ती गिट्टी!

गिझर पडला नाही, पडायच्या बेतात होता. वरचा ब्रॅकेट भिंतीपासून बोटभर सुटलेला आणि गिझर पुढे कलून नुसता पाइपांच्या जिवावर लटकलेला. कंपनीचा माणूस आला, त्याने दोन बोटांनी स्क्रू ओढला तर गिट्टीसकट (भोकात स्क्रू धरून ठेवणारा प्लग) अख्खा हातात आला आणि मागून राखाडी भुकटी सांडली. म्हणे, "साहेब, तुमची भिंतच पोकळ आहे, हे वॉरंटीत येत नाही." मी म्हटलं दादा, गिझर बसवला तुमच्याच माणसाने, भोक त्यानेच पाडलं, भिंत तेव्हाही हीच होती. तर म्हणे आमचा प्लग विटेच्या भिंतीसाठी असतो. मग ते तुम्हीच आधी सांगायचं ना! पुढे कस्टमर केअर, वरिष्ठांशी बोलून कळवतो वगैरे, आणि एक दिवस मेसेज आला की तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. कोणाचं समाधान झालं देव जाणे.

एएसी ब्लॉक म्हणजे ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, विटेच्या जागी लावतात तो बारीक पोकळ्यांचा हलका काँक्रीटचा ठोकळा, यापेक्षा जास्त त्यात वेळ घालवत नाही. आमच्या बाहेरच्या भिंती 8 इंची, आतल्या 4 इंची, आणि जोडाला पिशवीतलं तयार केमिकल, 2-3 मिमीचा पातळ सांधा.

आधी गिट्टीचंच बोलतो कारण याबद्दल ब्लॉक विकणारा एक अक्षर बोलत नाही. साधी प्लास्टिकची गिट्टी धरते ती फाकून. स्क्रू आत गेला की ती फुगते आणि भोकाच्या कडांवर दाबून बसते. वीट तो दाब सहन करते. एएसीमध्ये ॲल्युमिनियम पावडरने हायड्रोजन सुटून झालेल्या बारीक पोकळ्या असतात आणि त्यांच्या मधल्या भिंती अगदी पातळ, त्या दाबाखाली चुरतात. म्हणजे स्क्रू जितका जोर लावून आवळाल तितकी गिट्टी सैल! त्यात इलेक्ट्रिशियन असो की एसीवाला, प्रत्येकाचं ड्रिल कायम हॅमरवर, त्यामुळे भोक सुरुवातीलाच ऐसपैस. आता हिशोब बघा. काढलेली गिट्टी मोजली तर 35 मिमी. प्लास्टर 15 मिमी. राहिले 20. 25 लिटरचा गिझर, म्हणजे नुसतं पाणीच 25 किलो, टाकी वेगळी, आणि हे सगळं ब्लॉकमधल्या 20 मिमीवर टांगलेलं. माझं म्हणणं आहे की इतके दिवस टिकला हेच नवल.

काय चालतं तेही सांगतो. हॅमर बंद करून साध्या मोडवर ड्रिल, बिट एक नंबर लहान, आणि एएसीसाठी मिळते ती लांब नायलॉनची गिट्टी, जिच्या अंगावर पिळाचे पंख असतात. पडद्याचे रॉड, आरसा, हलकी शेल्फ यांना ती पुरते. जड वस्तूला केमिकल अँकर, म्हणजे भोकात रेझिन भरून त्यात रॉड बसवायचा. नाहीतर सरळ आरपार बोल्ट. मी गिझरला आरपार घातला, पलीकडून लोखंडी प्लेट आणि नट. बेडरूममध्ये ते नट दिसतात म्हणून घरात बोलणी खाल्ली, आता त्यावर कॅलेंडर आहे. घर अजून बांधायचं असेल तर गिझर, किचनची वरची कपाटं, टीव्ही, एसी यांच्या जागा आधीच ठरवा आणि तिथे ब्लॉकच्या ऐवजी काँक्रीटची पट्टी टाकून घ्या. तेव्हा चार पाट्या माल लागतो, नंतर फोडाफोडी.

इथपर्यंत लिहून हे तसंच पडून होतं, तेव्हा ठरवलं होतं की 5 पैकी 2 स्टार. मधल्या काळात उन्हाळा येऊन गेला आणि आता 2 म्हणवत नाही. पश्चिमेच्या खोलीची भिंत संध्याकाळी आतून हात लावला तर गार लागते. जुन्या घरात त्याच वेळी विटेची भिंत तापलेली असायची आणि रात्रभर उष्णता सोडत राहायची. हा ब्लॉक विटेच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच उष्णता आत येऊ देतो, हे वाचलं होतं पण ब्रोशरवर माझा विश्वास नसतो. एसी लवकर बंद करता येतो, बिलात फरक आहे, आणि बिलात फरक पडला की माझं मत बदलतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी फार आशा धरू नये, तिथे उष्णता मुख्यतः स्लॅबमधून येते आणि भिंत त्याला काही करू शकत नाही.

"नवीन फॅड आहे, टिकणार नाही" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांच्यासाठी: हे स्वीडनमध्ये योहान ॲक्सेल एरिक्सन या आर्किटेक्टने 1920 च्या दशकात काढलं आणि 1929 पासून तिथे कारखान्यात बनतंय. मटेरियल जुनं आहे, नवीन आहे तो गवंडी.

वजन कमी म्हणून स्टील वाचतं, हे सगळे विक्रेते सांगतात. अर्धवट खरं. 8 इंची एक ब्लॉक कोरडा असताना 15 किलोच्या आसपास, तेवढ्याच आकाराची वीट-रचना 40 च्या वर. पण स्टील तेव्हाच वाचतं जेव्हा डिझाइनवाल्याने सुरुवातीपासून ब्लॉक धरून हिशोब केलाय. ड्रॉइंग विटेचं आणि भिंती ब्लॉकच्या असतील तर स्टील तेवढंच लागणार, वाचलं ते फक्त बिगाऱ्याच्या पाठीचं दुखणं आणि थोडा जोडाचा माल.

भेगा? आल्या. कॉलमच्या कडेने उभ्या आणि बीमखाली आडव्या, केसासारख्या. काँक्रीट आणि ब्लॉक वेगवेगळे आकसतात, आणि कारखान्यातून ताजा आलेला ब्लॉक आत ओला असतो, तो वाळेल तसा आणखी आकसतो. जिथे जोडावर जाळी मारून मग प्लास्टर केलं तिथे काही नाही, जिथे माझी पाठ फिरल्यावर उरकलं तिथे बरोब्बर रेघ. आमच्या गवंड्याला विटेसारखं ब्लॉक भिजवायची भारी हौस, पाइप लावून धारच सोडायचा. ब्लॉकवर नुसतं पाणी शिंपडायचं असतं, भिजवला की तो पाणी पितो आणि नंतर भेगांच्या रूपाने वसूल करतो. वायरिंगच्या खाचाही छिन्नीने नाही, कटरने.

आवाजाचं मात्र कोणी खरं सांगत नाही. भिंत हलकी, म्हणून आवाज अडवायला कमी, त्यामागे दुसरं काही कारण नाही. 4 इंची पार्टिशनपलीकडे मुलगा फोनवर काय बोलतोय ते मला कळतं आणि त्याला ते माहीत आहे.

दाराच्या चौकटींचं सध्या भांडण चालू आहे. मुख्य दाराला होल्डफास्टच्या (चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) जागी ब्लॉक न लावता काँक्रीट भरून घेतलं होतं, ती चौकट जागची हललेली नाही. आतल्या दारांना कंत्राटदाराने ते केलंच नाही, होल्डफास्ट सरळ ब्लॉकमध्ये ठोकले, आता वाऱ्याने दार आपटलं की कडेचं प्लास्टर झडतं. तो म्हणतो फोम मारून देतो, मी म्हणतोय खाच पाडून काँक्रीट भर आणि शेवटचा हप्ता घेऊन जा. तो अजून विचार करतोय.